सहाणेवरचं वेखंड आणि छांगपूचं तेल

आषाढात आमच्या प्रयोगशाळेत एक पाकीट आलं. दोनशे ग्रॅम वाळकी मुळं, बोटाएवढी जाड, अंगभर गाठी, आत फिकट तांबूस. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘शी छांग पू’. चिनी औषधी मालाची आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याने पाठवलेला नमुना होता. मागणी साधी होती: तेल किती निघतं आणि तेलात काय काय आहे ते सांगा. पाकिटाची चिकटपट्टी सोडवली तसा शेजारच्या टेबलावरचा मुलगा मान वर करून म्हणाला, “मॅडम, ये तो घुट्टी की महक है.”

खरंच घुटीचा वास होता. थोडा गोड, थोडा तिखट, ओल्या मातीसारखा, आणि नाकात रेंगाळणारा. माझ्या माहेरी, सासरी, इंदूरच्या ज्या ज्या मराठी घरात मी तान्हं मूल पाहिलं, तिथे हा वास होताच. वेखंडाचा वास.

मी गेली एकोणीस वर्षं हेच काम करते. मसाले, सुगंधी तेलं, जडीबुटी, काढे, त्यांचं तेल काढायचं आणि जीसी-एमएसवर, म्हणजे तेलातली द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, चालवायचं. मालव्यात या कामाला तोटा नाही. नीमचच्या मंडीत औषधी मालाचा मोठा व्यवहार चालतो आणि त्यातला बराच माल तपासायला इंदूरला येतो. चिनी नमुने मात्र क्वचित. दालचिनी, चक्रीफूल, सुंठ येतात, पण ती आपल्याच गोड्या मसाल्याच्या डब्यातली. छांगपू हातात पहिल्यांदाच येत होतं.

तरी ते परकं वाटलं नाही. आपलं वेखंड म्हणजे अकोरस कॅलॅमस, आणि शी छांग पू म्हणजे त्याच कुळातलं अकोरस टाटारिनोवी. ‘शी’ म्हणजे दगड. ओढ्याकाठी, खडकांच्या फटींत, वाहत्या पाण्याशेजारी हे उगवतं. चिनी वैद्य ते डोकं जड झालं, स्मरण मंदावलं, कफाने भान झाकोळलं की देतात. आणि आपल्याकडे? वेखंडाचं संस्कृत नाव वचा. ‘वच्’ म्हणजे बोलणं. मूल लवकर बोलावं म्हणून मधात उगाळून जिभेला लावायचं. दोन देशांतल्या माणसांनी एकाच कुळातलं मूळ उपसलं आणि दोघांनीही ते बुद्धीसाठी आणि वाणीसाठीच वापरलं, याने मी फार हरखले होते. त्या आनंदात कामाला लागले आणि चूक केली.

वनस्पतीतलं उडणारं तेल मोजायला आम्ही क्लेव्हेंजर वापरतो. खाली गोल बुडाचा फ्लास्क, त्यात पाणी आणि भरड पूड, वर काचेची बाकदार नळी आणि कंडेन्सर. पाणी उकळतं, वाफ तेल घेऊन वर जाते, थंड होते आणि आकडे कोरलेल्या बारीक नळीत उतरते. तेल पाण्यावर तरंगतं, खालचं पाणी बाजूच्या नळीतून परत फ्लास्कमध्ये जातं. पाच तास चालवायचं आणि तेलाचा थर वाचायचा. ५० ग्रॅम पूड, ५०० मिलिलिटर पाणी. संध्याकाळी थर वाचला: ०.२ मिलिलिटर. म्हणजे शंभर ग्रॅमला ०.४. चिनी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, शी छांग पूला किमान १.० हवं. मी व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं की तेल फारच कमी आहे. ते म्हणाले, “मतलब माल पुराना है?” आणि मी “हो, तसंच दिसतंय” असं म्हणून मोकळी झाले.

रात्री झोप लागेना. ०.४ टक्के तेल असलेल्या मुळाचा वास एवढा दणदणीत कसा? पाच तास सगळी खोली घमघमत होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. फ्लास्क अजून धुतला नव्हता. पाणी निवून गार झालं होतं. मी तो उचलून उजेडात धरला. पुडीच्या गाळावर, पाण्याच्या अगदी तळाशी, पिवळसर मणी बसले होते. साजूक तुपाचे थेंब थंड पाण्यात पडावेत तसे, पण तरंगणारे नव्हेत, बुडालेले. फ्लास्क कलता केला की ते काचेवरून सावकाश घरंगळत आणि पुन्हा एकमेकांना चिकटत. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे.

छांगपूचं तेल पाण्यापेक्षा जड आहे. तेलात जे मुख्य द्रव्य असतं, बीटा-असारोन, त्याची घनता १.०७ च्या आसपास. सुरुवातीला येणारी हलकी द्रव्यं नळीत तरंगली आणि मी ती ‘तेल’ म्हणून वाचली. नंतर आलेलं जड तेल थेंबाथेंबाने खाली बसलं आणि परतीच्या पाण्याबरोबर फ्लास्कमध्ये गेलं. मी वाचलं ते तेलातलं हलकं, थोडं आणि निरुपद्रवी तेवढंच. ज्यासाठी तपासणी करायची तेच निसटलं होतं. चिनी फार्माकोपियात यासाठी दोन वेगळ्या रीती दिलेल्या आहेत, पाण्यापेक्षा हलक्या तेलाला एक आणि जड तेलाला दुसरी. दुसऱ्या रीतीत नळीत आधी १ मिलिलिटर झायलीन हे हलकं द्रावक घालतात. झायलीन पाण्यावर तरंगतं, जड तेल त्यात विरघळतं आणि मिश्रण वरच राहतं. शेवटी झायलीनचा आकडा वजा करायचा. मला ही रीत माहीत होती. लवंगेला, दालचिनीला मी ती कित्येकदा वापरली होती. वेखंडाच्या कुळाला ती लागेल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं, कारण हे मूळ ओळखीचं वाटलं.

दुसऱ्यांदा झायलीन घालून लावलं. झायलीन ०.९५ वर, शेवटी मिश्रण १.६० वर. तेल ०.६५ मिलिलिटर, म्हणजे १.३ टक्के. माल उत्तम होता. व्यापाऱ्याला फोन करून चूक माझी होती हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी पुरवठादाराला खरमरीत पत्र पाठवायचं बाकी ठेवलं होतं, हे माझं नशीब.

आता तेल मशीनवर. तीस मीटर लांबीचा, केसासारखा बारीक कॉलम. साठ अंशांवरून मिनिटाला तीन अंशांनी तापमान चढवत न्यायचं. तेलातली द्रव्यं एकेक करून बाहेर पडतात, मशीन त्यांचे तुकडे करतं आणि तुकड्यांची वजनं मोजून संगणकातल्या संग्रहाशी जुळवतं. पडद्यावर नाव येतं, शेजारी जुळणीचा आकडा. नवीन मुलं तो आकडा पाहिला की नाव उतरवून घेतात. इथे मी त्यांना हटकून थांबवते. असारोनला दोन रूपं आहेत, बीटा आणि अल्फा. अणू तेच, तितकेच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी वेगळी. मशीनमध्ये दोघांचे तुकडे जवळजवळ एकसारखे: २०८, १९३, १६५. संग्रह कधी एकाचं नाव देतो, कधी दुसऱ्याचं, आणि दोन्ही वेळा जुळणीचा आकडा नव्वदीच्या वर.

मग ओळखायचं कसं? बाहेर पडण्याच्या वेळेवरून. त्याच तापमानावर सरळ साखळीच्या अल्केनचं, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या द्रव्यांचं, मिश्रण चालवायचं आणि ते मैलाचे दगड मानायचे. सोळा कार्बनचा दगड १६००, सतराचा १७००. माझ्या कॉलमवर सोळा कार्बनचा ३८.१० मिनिटांना आला, सतराचा ४२.२० ला. नमुन्यातलं सर्वात मोठं पीक, म्हणजे आलेखावरचं शिखर, ३८.८० ला. म्हणजे १६०० च्या पुढे चार मिनिटं दहा शतांशांपैकी सत्तर शतांश, हिशेब १६१७. बीटा-असारोन तिथेच येतं. ४१.१८ ला एक छोटं पीक होतं, ते १६७५, अल्फा. हा हिशेब मी अजून कागदावर पेन्सिलीने करते. प्रोग्राम आपोआप करून देतो, पण हाताने केला की पीक कुठे उभं आहे ते लक्षात राहतं.

चिनी वनस्पतींच्या तेलांत यंत्राच्या उष्णतेने होणारी गफलतही बघावी लागते. ‘अ झू’ नावाचं औषध हळदीच्या कुळातलं, आपल्या कचोऱ्याचं भावंड. त्यात फ्युरॅनोडाईन नावाचं द्रव्य असतं. जीसीचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत सोडायचं तापलेलं तोंड, आम्ही सहसा अडीचशे अंशांवर ठेवतो, आणि त्या धगीत फ्युरॅनोडाईनचं कर्झेरीन होतं. म्हणजे अहवालात जे कर्झेरीन दिसतं, त्यातलं काही मुळात होतं आणि काही मी माझ्या मशीनमध्ये शिजवलेलं. इंजेक्टरचं तापमान उतरवून पुन्हा चालवलं की पीक बदलतं, म्हणजे संशय खरा. अशा वेळी अहवालात तापमान लिहिणं मला टक्केवारी लिहिण्याइतकंच गरजेचं वाटतं. मला आलेल्या कितीतरी अहवालांत ते नसतं.

उष्णतेचा विषय निघाला की मी मुलांना चिनी संशोधक थू यूयू यांची गोष्ट सांगते. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या एका नुस्ख्यात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितलं होतं. उकळायला नव्हे. ते वाचून थू यूयू यांनी काढा सोडला आणि कमी तापमानाला उकळणारं ईथर घेऊन अर्क काढला. १९७१ साली त्यांच्या अर्काने प्राण्यांतला मलेरिया पूर्ण आटोक्यात आणला आणि त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच छिंगहावचं मी आज क्लेव्हेंजरमध्ये तेल काढलं तर कापूर, सिनिओल असं सुवासिक बरंच काही मिळेल. आर्टेमिसिनिन मिळणार नाही. ते वाफेबरोबर येत नाही, आणि जीसीत घातलं तर धगीने मोडतं. तेलाचा अहवाल म्हणजे वनस्पतीचा अहवाल नाही, हे मला या एका उदाहरणाइतकं दुसऱ्या कशाने समजावता येत नाही.

असो. छांगपूचा अहवाल गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते १६१७ वरचं पीक जाईना. कारण घरी त्याच दिवसांत नणंद बाळंतपणाला आलेली. तिचा मुलगा चार महिन्यांचा झाला होता, सहा किलोचा, गोरागोमटा. रोज सकाळी आंघोळीनंतर आई सहाण घेऊन बसायच्या. हळकुंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, काकडशिंगी, सुंठ, बदाम, खारीक, आणि वेखंड. एकेकाचे ठरलेले वेढे. वेखंडाचे दोनच. “वेखंड उष्ण असतं, जास्त नाही द्यायचं,” असं त्या दर वेळी म्हणायच्या, नणंदेला आणि मलाही, जणू पुढे हे आम्हाला करायचं आहे म्हणून शिकवत होत्या.

बीटा-असारोनबद्दल मला जे माहीत होतं ते असं. १९६७ साली छापून आलेल्या अभ्यासात उंदरांना दीर्घकाळ वेखंडाचं तेल दिलं, आणि त्यांच्या लहान आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या. ते तेल आपल्या जम्मूच्या वेखंडाचं होतं. १९६८ साली अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. वेखंडाच्या सगळ्या जाती सारख्या नसतात. अमेरिकेतली जी जात क्रोमोझोमचे दोन संच बाळगते, तिच्यात बीटा-असारोन नसतंच. युरोपातल्या तीन संचांच्या जातीत थोडं. आशियातल्या चार संचांच्या जातीच्या तेलात नव्वद टक्क्यांवरही जातं. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २००५ साली तात्पुरती मर्यादा सुचवली: दिवसाला सुमारे ११५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शरीराच्या किलोमागे सुमारे २.

मग आमच्या सहाणेवर किती येतं? हा प्रश्न पडल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

शनिवारी इंदूरच्या सियागंज बाजारात गेले. दुकानदाराने गोणीत हात घातला आणि म्हणाला, “घोड़बच चाहिए? बच्चों वाली?” पाव किलो घेतलं. आईंच्या डब्यातलं मूळ त्याच गल्लीतलं, त्यामुळे माल साधारण तोच. ५० ग्रॅमचं तेल काढलं, या वेळी झायलीन आधी घालून. ०.९५ वरून २.६०. म्हणजे १.६५ मिलिलिटर, ३.३ टक्के. छांगपूच्या अडीच पट. पीक पुन्हा १६१७ वर, आणि शुद्ध बीटा-असारोनशी तुलना करून मोजलं तर तेलाच्या वजनाचा पाऊण हिस्सा तेच. इथे मी पिकाच्या क्षेत्रफळाची टक्केवारी वापरली नाही. ती वजनाची टक्केवारी नसते, आणि ज्या आकड्यावर घरातल्या बाळाबद्दल काही ठरवायचं तो उसना आकडा नको होता.

मग सहाण. ती मी घरून पिशवीत घालून नेली होती, आईंना न सांगता, याचं अजून वाईट वाटतं. वेखंडाचा एक तुकडा काट्यावर ठेवला, वजन चौथ्या दशांशापर्यंत लिहिलं. सहाणेवर चमचाभर पाणी, आणि पाच वेढे. आई फिरवतात तसे, कोपर न हलवता, मनगटाने. मूळ पुसून रात्रभर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, ठेवलं. ओव्हनमध्ये वाळवलं असतं तर तेलच उडून गेलं असतं. सोमवारी पुन्हा वजन. वीस मिलिग्रॅम कमी.

वीस मिलिग्रॅम मुळात बीटा-असारोन अर्ध्या मिलिग्रॅमहून किंचित जास्त. एका वेढ्यात सुमारे १०० मायक्रोग्रॅम. आईंच्या दोन वेढ्यांत २०० च्या वर. सहा किलोच्या बाळाला किलोमागे २ प्रमाणे १२. सतरा पट. मी हिशेब तीनदा केला. चौथ्यांदा शेजारच्या मुलाकडून करून घेतला, काय मोजतोय ते न सांगता.

कुणाला वाटेल, पिढ्यान्‌पिढ्या दिलं, आमचं काय बिघडलं? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला, कारण मीही याच गुटीवर वाढले. पण रोज थोडं, महिनोन्‌महिने, अशा देण्याने जे होतं किंवा होत नाही ते घरातल्या घरात डोळ्यांना दिसण्यासारखं नसतं. आणि जुन्या वैद्यांनीही वेखंड कच्चं द्यायला सांगितलेलं नाही. वचेच्या शोधनात, म्हणजे शुद्धीकरणात, ती गोमूत्रात, मग मुंडीच्या काढ्यात, मग पंचपल्लवाच्या काढ्यात शिजवतात आणि शेवटी गंधोदकाची वाफ देतात. माझ्या क्लेव्हेंजरमध्ये पाच तासांत जे घडतं, तेच तिथे उघड्या भांड्यात घडतं. तेल वाफेबरोबर निघून जातं. सियागंजच्या गोणीतलं मूळ यातल्या कशातूनही गेलेलं नसतं.

आईंना सांगायला मला दोन दिवस लागले. स्वयंपाकघरात त्या भरली वांगी करत होत्या. मी कागद नेला नव्हता. म्हटलं, “आई, वेखंडाचं थोडं बोलायचं होतं.” सगळं सांगितलं, तळाला बसलेल्या मण्यांपासून. सहाण नेली होती तेही. त्यांनी वांग्यातला मसाला दाबून भरला, हात धुतले.

“एका वेढ्यात किती म्हणालीस?”

“जेवढं त्याला दिवसभरात चालेल त्याच्या आठ-नऊ पट.”

“आणि बाकीचं? जायफळ, हळद?”

“ते मी मोजलं नाही, आई. जायफळ मोजायला हवं.”

“मोज मग,” त्या म्हणाल्या. “तोवर मी हिरडा आणि बदामच उगाळते.”

त्यांनी गुटीचा पितळी डबा काढला, वेखंडाचे दोन्ही तुकडे वेचले आणि आतल्या खोलीत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मी मागून गेले तेव्हा त्या जुन्या धोतराच्या फडक्यात वेखंड बांधत होत्या. ती पुरचुंडी त्यांनी स्वतःच्या महेश्वरीच्या घडीत सरकवली, शेजारी बाबांचा लोकरीचा कोट. “कसर तरी लागणार नाही,” म्हणाल्या आणि ट्रंक लावली.

जायफळाचं तेल या आठवड्यात काढायचं आहे. नळीत झायलीन घालायचं की नाही, याचा विचार या वेळी पूड फ्लास्कमध्ये जाण्याआधी करणार आहे.